कामिसे गावातील चौकशी

मुलीकडच्यांनी घर पाहायला जावे, ही आमच्याकडील रीत आहे. घर जपानात असेल तर काय करावे, याविषयी रीत काही सांगत नाही.

माझी नात सुमेधा ओसाका शहरात नोकरी करते. दिवाळीत तिने फोनवरून कळवले की तिला तेथील एका मुलाशी लग्न करायचे आहे. मुलगा शहरातील नोकरी सोडून आपल्या गावी, वडिलांच्या लाकूड चिरण्याच्या गिरणीत परत गेला आहे आणि लग्नानंतर तीही त्याच गावी राहणार आहे. माझ्या सुनेने रडण्यास सुरुवात केली. माझा मुलगा कोल्हापुरात, राजारामपुरीत हाडांचा दवाखाना चालवतो. तो दवाखाना बंद करून माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"अण्णा, तुम्हीच जाऊन या. तुम्ही हो म्हटलं की हो. न्हाई म्हटलं की विषय संपला."

"बाप तू आहेस."

"बाप हाय म्हणूनच जात न्हाई. पोरगी समोर उभी ऱ्हायली की मला न्हाई म्हणता येत न्हाई."

घर पाहण्याच्या बाबतीत मला नातेवाइकांत थोडी ख्याती आहे. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. भिंत पाहून आत किती पाणी मुरते आहे हे ओळखण्याची सवय तेथे लागली. तीच नजर मी सोयरिकींना लावत आलो. मी नाकारलेल्या घरांतील माणसे अजूनही लग्नसमारंभात मला पाहून दुसऱ्या पंगतीला जातात.

सुमेधाने निघण्यापूर्वी मला स्वतंत्र फोन केला. "अज्जा, तुम्ही नको म्हणालात तर मी हे लग्न करणार नाही. पण मग दुसरंही कुठलं करणार नाही. एवढं डोक्यात ठेवून या."

ही धमकी होती. वाक्याची बांधणी मात्र चांगली होती.

कुरुंदवाडला धाकट्या भावाचा निरोप घ्यायला गेलो. त्याला जपान कोठे आहे याविषयी कुतूहल नव्हते. तो म्हणाला, "दादा, त्यांच्या घरात बसून चा पिऊन काय कळायचं न्हाई. गावातला न्हावी गाठ. घराण्याचं समदं त्याला ठावं असतंय." हा सल्ला मी मानला. पुढे जे घडले त्याचे मूळ या सल्ल्यात आहे.

विमानाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. बसायला जागा असते आणि माणूस बसतो.

पूल

शिकोकू हे जपानच्या चार मोठ्या बेटांतील सर्वांत लहान बेट. त्याच्या नैऋत्येकडील डोंगरांत कामिसे आहे. नकाशात ते सापडण्यासाठी चष्मा आणि चिकाटी दोन्ही लागतात. नदी पश्चिमेकडून येते, गावापाशी एक मोठे वळण घेते आणि पूर्वेला निघून जाते. दोन्ही बाजूंना देवदारासारख्या सरळसोट झाडांनी भरलेले उभे डोंगर आहेत. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जी अरुंद पट्टी उरते, तिच्यावर घरे, भाताची खाचरे आणि रस्ता यांनी दाटीवाटीने जागा वाटून घेतली आहे. नदीला नाव आहे, परंतु गावात ते कोणी घेत नाही. सगळे नुसते 'कावा' म्हणतात. कावा म्हणजे नदी. हे मला योग्य वाटले. आमच्याकडेही कोणी 'पंचगंगेला गेलतो' म्हणत नाही; 'नदीला गेलतो' म्हणतात.

ओसाकाहून सुमेधा माझ्याबरोबर आली होती. स्टेशनवर मुलगा न्यायला आला होता. नाव केंता. उंची बेताची, हात मजबूत. माझ्यासमोर येऊन तो कमरेत वाकला आणि म्हणाला, "नमस्कार अज्जा. जेवलासा का?"

उच्चार थेट शिरोळ तालुक्याचा होता. मी सुमेधाकडे पाहिले. ती रस्त्याकडे पाहू लागली.

"जेवलो. गाडीत," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. सुमेधाने नंतर खुलासा केला की मी 'नाही' म्हणेन असे गृहीत धरून तिने त्याला पुढचे वाक्य शिकवले होते. ते आता वाया गेले होते.

त्याच्या लहान मालमोटारीतून आम्ही पुलापर्यंत आलो. पुलाला कठडा नाही. नदीच्या पाण्यापासून फार उंचही नाही. सपाट काँक्रीटची एक फळी टाकावी तसा तो आहे. पूर आला की पूल बुडतो. कठडा असता तर वाहून येणारी झाडे त्याला अडकली असती आणि पूल उखडला असता, म्हणून कठडा ठेवलेलाच नाही. बुडणे मान्य करून बांधलेला पूल आहे. आमचे बंधारे असेच दरवर्षी बुडतात, आणि त्यांच्यावरून लोक एका हाताने मोटारसायकल चालवत दुसऱ्या हाताने उसाची मोळी सांभाळतात. त्यामुळे मला नवल वाटले नाही. केंताला मात्र मी घाबरेन असे वाटले असावे. तो अतिशय सावकाश चालवत होता.

मध्यावर समोरून दुसरी गाडी आली. तिच्यातील वृद्धाने आम्हाला पाहिले, मान लववली आणि पूर्ण पूल उलटा मागे गेला. आमच्याकडे दोघेही खाली उतरले असते, एकमेकांचे गाव विचारले असते आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी निवाडा केला असता.

पूल संपता संपता केंताला राहवले नाही. तो समोर पाहत म्हणाला, "चला मग, पोटभर जेवा."

जेवण

आमच्या जैन रीतीप्रमाणे मी सूर्यास्तानंतर अन्न घेत नाही. मासे व मांस यांचा प्रश्नच नाही. जमिनीखाली वाढणारे कंद आणि अळंबीही घेत नाही. ही माहिती सुमेधाने त्या घरी आगाऊ कळवली होती. तिचा हेतू चांगला होता. अडचण एवढीच की कामिसे येथे जे मिळते ते नदीत पोहते, नाहीतर मातीखाली वाढते, नाहीतर ओल्या ओंडक्यावर उगवते. तिन्ही मला वर्ज्य. शिवाय त्या देशात साध्या भाजीलाही वाळवलेल्या माशाचे पाणी घालतात. आपण हिंग घालतो तितक्या सहजतेने.

घरात तीन माणसे. केंता, त्याचे वडील मोरी-सान आणि वडिलांची आई हात्सुए. 'सान' हे आपल्या 'राव'सारखे. केंताची आई काही वर्षांपूर्वी वारली. घरात सासू नाही हे कळल्यावर माझ्या सुनेचे रडणे पुष्कळ कमी झाले, असे मुलाने फोनवर सांगितले.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार होती. आजीबाई दारात उभ्या होत्या. त्या आमच्याकडे पाहत नव्हत्या. घराच्या मागील डोंगराकडे पाहत होत्या. वय माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त, कणा वाकलेला, पण मान ताठ. त्यांनी काहीतरी म्हटले आणि घरात एकदम धावपळ सुरू झाली. मोरी-सान गिरणी बंद करून हात धुऊन आले. मला हात धरून बसवण्यात आले. पुढे भात, सोयाबीनच्या दुधाचे पनीर म्हणजे तोफू, भोपळा, पालेभाजी, समुद्रातील शेवाळाचे सार आणि पर्सिमन नावाचे पिकलेले केशरी फळ.

"हे काय?" मी सुमेधाला विचारले.

"रात्रीचं जेवण."

"आता दुपार आहे."

"अज्जा, डोंगराकडं बघा."

मी पाहिले. सूर्य कड्याला टेकला होता. कामिसेचा दक्षिण काठ डोंगराच्या कुशीत आहे. थंडीच्या दिवसांत सूर्य त्या डोंगराच्या माथ्यावरून सरपटत जातो आणि दुपारच्या चहाच्या वेळेआधीच त्यामागे उतरतो. आजीबाईंना सांगण्यात आले होते की पाहुणे सूर्य गेल्यावर जेवत नाहीत. त्यांनी ते शब्दशः घेतले होते. माझ्या पोटात गाडीत खाल्लेल्या दशम्या अजून तशाच होत्या. मी दुसऱ्यांदा जेवलो. शेवटचा घास घेतला आणि अंगणात सावली आली. आजीबाईंनी समाधानाने मान हलवली.

समोरच्या काठावर त्या वेळी लख्ख ऊन होते. तेथे लोक कपडे वाळत घालत होते. पूल ओलांडून तिकडे जाऊन रीतसर वेळी जेवावे असा विचार माझ्या मनात आला, परंतु पाहुण्याने असे करू नये.

दुसऱ्या दिवशी मी सुमेधाला सूर्यास्ताची खरी वेळ समजावून सांगण्यास सांगितले. तिने फोनवर ती काढून आजीबाईंना दाखवली. आजीबाईंनी फोनकडे पाहिले. मग डोंगराकडे पाहिले. मग फोन परत दिला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, हा फोन ओसाकाचा असेल. इथला सूर्य इथं मावळतो."

शास्त्र त्यांच्या बाजूने नव्हते, पण डोंगर त्यांच्या बाजूने होता. त्या घरी राहिलो तोवर मी रोज भर दुपारी रात्रीचे जेवण घेतले आणि रोज रात्री उपाशी झोपलो. बातमी आळीत पसरली होती. सूर्य कड्याकडे कलला की शेजारच्या बायका झाकलेल्या वाट्या घेऊन धावत येत. माझ्यासाठी संपूर्ण आळीचे घड्याळ बदलले होते. बदल्यात मी लसणाशिवाय केलेली शेंगदाण्याची चटणी दिली. आजीबाईंनी ती पहिल्यांदा बोटाच्या टोकावर घेतली. दुसऱ्यांदा चमच्याने घेतली. नंतर डबा त्यांच्या खोलीत गेला.

भोंगा

पहिल्याच संध्याकाळी एक प्रकार घडला. मी वरांड्यात बसलो होतो. अचानक नदीकाठच्या खांबावरील भोंग्यातून मोठा आवाज सुरू झाला. नदीकाठी भोंगा वाजला की कोल्हापूरच्या माणसाला एकच अर्थ कळतो. मी आत गेलो, पिशवी भरली, अंथरूण गुंडाळले, चपला हातात घेतल्या आणि जिन्याने वर गेलो. सुमेधाला हाक मारली की कागदपत्रे घे आणि आजींना वर आण.

ती जिन्याखाली येऊन उभी राहिली. "अज्जा, काय करताय?"

"पाणी येतंय."

"आभाळात ढग न्हाई. ते गाणं हाय."

मी ऐकले. गाणे होते. संध्याकाळ झाली, मुलांनो घरी जा, अशा अर्थाचे. ते रोज वाजते. मी अंथरूण घेऊन खाली आलो. मोरी-सान जिन्याखाली उभे होते. ते हसले नाहीत. याबद्दल मी त्यांना पहिला गुण दिला.

दुसऱ्या दिवशी कळले की गावात लहान मूल एकही नाही. गाणे तरी वाजते. मी कारण विचारले. मोरी-सान म्हणाले की बंद केले तर मोठी माणसे घरी जायची विसरतील.

गावाचा पूर्वेतिहास

मोरी-सान फार थोडे बोलतात. आम्ही दोघे नदीकाठाने पुष्कळ चाललो आणि एकमेकांना फारसे काही सांगितले नाही. सुमेधा मध्ये दुभाषी म्हणून चालत होती. तिला काम कमी होते.

जे कळले ते असे. पूर्वी येथे रस्ता नव्हता. नदी हाच रस्ता होता. डोंगरावर तोडलेले ओंडके वेलींनी बांधून त्यांचे तराफे करत आणि पावसाने नदी फुगली की त्यांवर उभे राहून ते समुद्रापर्यंत नेत. कोळसा आणि हाताने केलेला कागद शिडाच्या होड्यांतून जात असे. येताना त्याच होड्या मीठ आणत. मोठ्या वळणापाशी पाणी मंद होते म्हणून तराफे तेथे बांधले जात, आणि तेथेच गाव वसले. नंतर मोटाररस्ता झाला आणि तराफे थांबले. परदेशी लाकूड स्वस्त झाले आणि डोंगरांवरील झाडे उभीच राहिली. आता ती तोडायला माणसे नाहीत. एवढी झाडे आणि एवढी कमी माणसे मी एका ठिकाणी कधी पाहिली नव्हती.

घरांचे जोते दगडी आणि पुरुषभर उंच आहे. रस्त्याकडेला एका संन्यासी देवाच्या दगडी मूर्ती आहेत. त्या उंच चौथऱ्यांवर बसवल्या आहेत, म्हणजे पुरात देवाला पाणी लागू नये. आमच्याकडे नदी देवाच्या पायांपर्यंत आली की लोक स्नानासाठी गर्दी करतात. येथे देवाला वर उचलून ठेवतात. मी मोरी-सानना विचारले, देव बुडाला तर काय होईल. त्यांनी विचार करून सांगितले, "काही नाही. तो फक्त भिजेल."

गावाचे दोन भाग आहेत. उत्तर काठाला उन्हाकडचे म्हणतात, दक्षिण काठाला सावलीकडचे. पूर्वी उन्हाकडची मुलगी सावलीकडे द्यायची म्हटले की आईबाप कचरत. सावलीकडे दंव उशिरा वितळते, भात उशिरा पिकतो, कपडे वाळत नाहीत. पण तराफे सावलीकडच्या काठाला लागत, पैसा तेथे येई, त्यामुळे मुली शेवटी दिल्या जात. मोरी घराणे सावलीकडचे. हे त्यांनी सांगितले तेव्हा सुमेधाने भाषांतर करण्याआधी थोडा वेळ घेतला.

न्हावी

घर पाहिले होते. जोते मजबूत, छप्पर दुरुस्त, देवघर स्वच्छ. मुलगा कष्टाळू दिसत होता. पण दिसण्यावर मी कधी निर्णय दिलेला नाही. एके सकाळी कोणाला न सांगता पूल ओलांडून मी उन्हाकडच्या न्हाव्याकडे गेलो. तोंडी भाषांतर करणारी सोय फोनमध्ये सुमेधानेच घालून दिली होती.

न्हावी माझ्याच वयाचा. त्याने मला खुर्चीत आडवे केले, तोंडावर गरम टॉवेल ठेवला, कपाळाची, कानांच्या पाळ्यांची आणि पापण्यांच्या वरचीही लव काढली. तेथे लव असते हे मला ठाऊक नव्हते. कुरुंदवाडला न्हावी एक गाल संपवेपर्यंत समोरच्या घराच्या तीन पिढ्या सांगून मोकळा होतो. हा गप्प होता. अर्धी दाढी झाल्यावर मी फोन वर धरला आणि विचारले, "मोरी यांचे घराणे कसे आहे?"

फोन जपानीत बोलला. वस्तरा थांबला.

"चांगली माणसे आहेत," न्हावी म्हणाला.

"ते मी पाहिले. वाईट काय आहे?"

त्याने वस्तरा पुसून ठेवला. हात पुसले. मला वाकून नमस्कार केला आणि भिंतीवरील टेलिफोनकडे गेला. एक गाल साफ आणि दुसरा साबणात, अशा अवस्थेत मी पडून राहिलो. तो पुष्कळ वेळ बोलत होता. बोलताना टेलिफोनला वाकून नमस्कार करत होता. 'मोरी-सान' हे शब्द मला कळले. बाकी कळण्याची गरज नव्हती.

परत येऊन त्याने माझ्या फोनपुढे सावकाश उच्चार केले. फोनने मला मराठीत सांगितले: "मोरी-सान म्हणतात की मी सांगणे योग्य नाही. ते स्वतः येऊन सांगतील."

मग त्याने माझा दुसरा गाल पूर्ण केला. काम उत्तम होते.

परतलो तेव्हा सुमेधा पुलाच्या अलीकडे उभी होती.

"अज्जा, तुम्ही न्हाव्याला विचारलंत?"

"विचारायचं नाही तर बघायचं काय?"

"दुकानात बाकावर दोन माणसं बसली होती. आता गावभर झालंय."

"मग काय झालं? आपल्याकडं सगळेच विचारतात."

"आपल्याकडं न्हावी मालकाला फोन करत न्हाई." तिचा आवाज खाली गेला. "आता त्यांनीच न्हाई म्हटलं तर?"

ही शक्यता माझ्या ध्यानात आली नव्हती. मी पाहिलेल्या घरांना नकार द्यायचे काम माझे असे. आपल्याला कोणी नाकारेल असा प्रसंग कधी आला नव्हता. त्या दुपारी जेवण नेहमीप्रमाणे सूर्याआधी आले, पण मोरी-सान जेवायला बसले नाहीत. गिरणीही बंद होती. सुमेधाने तोफूचे तुकडे मोजल्यासारखे ताटात फिरवले आणि तसेच ठेवले.

बैठक

सकाळी मोरी-सान काळा सूट घालून आले. स्वतःच्याच घरात. केंता त्यांच्या मागे बसला, आजीबाई बाजूला. सगळे गुडघ्यांवर. मी खुर्ची मागितली नाही. मीही तसाच बसलो आणि पाय तत्काळ बधिर झाले.

मोरी-सान वाकले. मग वर पाहत, एखादा अहवाल द्यावा तसे बोलू लागले. सुमेधा मराठीत सांगत गेली. तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

"म्हणतात, तुम्ही आमच्यात वाईट काय आहे असं विचारलंत. दुसऱ्याला सांगायला लावणं बरोबर नव्हतं, म्हणून मी सांगतो. आमचं घर सावलीत आहे. चार महिने कपडे वाळत नाहीत. या घरात माझ्या आयुष्यात नदी देवघरापर्यंत आलेली आहे आणि पुन्हा येईल. माझ्या वडिलांनी डोंगराचा एक तुकडा दारूत घालवला."

आजीबाई मध्येच बोलल्या.

"आजी म्हणतात, तुकडा नव्हता. अर्धा डोंगर होता."

मोरी-सान वाकले आणि दुरुस्ती मान्य केली.

"थोरला मुलगा टोकियोत आहे. मी त्याला एक शब्द बोललो, तेव्हापासून तो येत नाही. केंता सकाळी उशिरा उठतो. हत्यारं जागेवर ठेवत नाही. लाकूड चिरताना गातो आणि वाईट गातो. मी स्वतः बोलत नाही. बायको गेल्यापासून या घरात आवाज नाही. मुलीला ते जड जाईल. गावात मूल नाही. शाळा बंद आहे. यापेक्षा जास्त मला आठवत नाही. आठवलं तर कळवीन."

ते पुन्हा वाकले. कपाळ चटईला लागले.

आजवर मी पुष्कळ दिवाणखान्यांत बसलो आहे. प्रत्येक ठिकाणी मुलगा निर्व्यसनी होता, कुटुंब सुखी होते आणि जमीन बागायती होती. दोष शोधायला मला भिंती ठोकून पाहाव्या लागत. येथे ठोकायला काही शिल्लक ठेवले नव्हते.

मोरी-सान उठून बसले आणि काही म्हणाले. सुमेधा थबकली.

"सांग," मी म्हणालो.

"म्हणतात, आता तुमचं सांगा."

न्याय्य होते. मी घसा साफ केला. "सांग त्यांना, आमच्याकडे सगळे मोठ्याने बोलतात; त्याला भांडण समजू नये. पाहुण्याला जेवायला बसवले की तो ताटावर आडवा हात धरून नको म्हणाला तरी वाढत राहतात. लग्नाला किती माणसे येतील ते आम्हालाही ठाऊक नसते. आमच्या भावकीत शेताच्या एका बांधावरून जुना दावा चालू आहे आणि दोन्ही बाजूंना तो संपवायचा नाही. मुलीची आई रडते. रडून झाल्यावर ऐकते. एवढेच."

सुमेधाने भाषांतर सुरू केले. मी जेवढे बोललो होतो त्याच्या पुष्कळ पुढे ते गेले. आजीबाईंनी तोंडावर हात ठेवला. केंताने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते.

"एवढे मी बोललो नव्हतो," मी म्हणालो.

"तुमच्याबद्दल राहिलं होतं. ते घातलं."

"काय घातलंस?"

"खरं हाय तेवढंच."

मोरी-सान माझ्याकडे पाहत होते. ते माझ्या निर्णयाची वाट पाहत होते, हे भाषेशिवाय कळत होते. मी सुमेधाला सर्वांसमोर विचारले. मराठीत, पण मोठ्याने.

"इथे कपडे वाळत नाहीत."

"वाळवायचं यंत्र मिळतं, अज्जा."

"पूर येतो."

"आपल्याकडं येत न्हाई व्हय?"

"तुझ्या मुलांना इथे खेळायला कोणी नसेल."

"दोन झाली तर एकमेकांना असतील," ती म्हणाली.

"घरात कोणी बोलत नाही."

"तुम्ही तरी कुठं बोलता. तुमच्या घरात वाढले की मी. मला सवय हाय."

यानंतर विचारण्यासारखे काही राहिले नाही. माझे पाय पूर्णपणे गेले होते.

"हो म्हणून सांग," मी म्हणालो.

तिने लगेच सांगितले नाही. आधी ओढणीने नाक पुसले. मग सांगितले. भाषांतर एका शब्दाचे होते. केंता वाकला तो वर येईना. आजीबाई उठून डोंगराकडे एक नजर टाकून स्वयंपाकघरात गेल्या. मोरी-साननी मला एकदा नमस्कार केला, सूटसकट अंगणात उतरले आणि गिरणीत गेले.

थोड्या वेळाने करवत सुरू झाल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू राहिला.

"काय चिरताहेत?" मी केंताला विचारले. सुमेधाने विचारून सांगितले.

"काही नाही, अज्जा. ओंडके संपलेत. गाडी उद्या येणार आहे."

करवत रिकामी फिरवू नये. पट्टा खराब होतो. ही गोष्ट जाऊन सांगण्यासारखी होती. पण करवत चालू असली की आतल्या माणसाचा आवाज बाहेर येत नाही. मी गेलो नाही.